भिंतीवरचे 36 आणि 39

मी नॅशुआत राहते. न्यू हॅम्पशायरमधलं, मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीला अगदी चिकटलेलं गाव, आणि तिकडचे लोक शनिवार-रविवारी इथे खरेदीला येतात कारण आमच्या राज्यात सेल्स टॅक्स नाही. आमचं अपार्टमेंट जुन्या कापड गिरणीच्या इमारतीत आहे. लाल विटा, उंचच्या उंच खिडक्या, हॉलच्या मधोमध लाकडाचा जाडजूड खांब. नऊ वर्षं राहतेय पण त्या खांबाकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा इकडे आले, बॅग खाली ठेवली, खांबावर हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, हे साचेखातं होतं काय?"

माझे आजोबा लालबागला गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार. बाबा लहानपणी त्यांचा डबा घेऊन गेटवर जायचे, त्यामुळे गिरणी म्हटलं की बाबांना भोंगा आठवतो, कापसाचा तो नाकात जाणारा वास आठवतो, आणि 18 जानेवारी 1982 आठवते. आजोबा त्या संपात बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत.

तर बाबांना दाखवायला म्हणून मी या इमारतीची माहिती शोधायला बसले आणि गिरणी राहिली बाजूला, मी जाऊन पडले बेसबॉलमध्ये. खरं सांगायचं तर मला बेसबॉलमधलं तोपर्यंत काही कळत नव्हतं. गावात होल्मन स्टेडियम आहे, उन्हाळ्यात तिथे कॉलेजच्या पोरांची सिल्व्हर नाइट्स नावाची टीम खेळते, लेकीच्या शाळेतली मुलं जातात म्हणून आम्हीही एक-दोनदा गेलो होतो. तिथल्या भिंतीवर 36 आणि 39 हे दोन आकडे मी बघितले होते, पण कुणाचे, ते कधी विचारलं नाही. आणि ज्यांचे ते आकडे आहेत त्यांची टीम या गावात होती फक्त चार वर्षं. 1946 ते 1949. नॅशुआ डॉजर्स.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अमेरिकेत वर मेजर लीग आणि तिच्या खाली मायनर लीगच्या पायऱ्या, मोठ्या क्लबने छोट्या गावांमध्ये टीम ठेवायची, पोरं तिथे तयार करायची आणि पिकली की वर न्यायची. ब्रुकलिन डॉजर्स हा न्यूयॉर्कचा मोठा क्लब, त्यांच्या अशा बऱ्याच टीम होत्या, त्यातलीच एक नॅशुआ. न्यू इंग्लंड लीग, क्लास बी, म्हणजे शिडीवर बरीच खालची पायरी. त्या काळी जवळजवळ प्रत्येक गावाची अशी एक टीम असायची. 1949 मध्ये देशात 59 मायनर लीग होत्या, 59 टीम नव्हे, 59 लीग! आज ती संख्या वाचून विश्वास बसत नाही.

आणि या सगळ्या रचनेत काळ्या माणसाला जागा नव्हती. असा लेखी नियम कुठे नव्हता, पण सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे पाळत होते, साधारण साठ वर्षं. काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीग होत्या, तिथे एकाहून एक खेळाडू होते, पण दार बंद. ब्रुकलिनचा प्रमुख ब्रँच रिकी याने ते दार उघडायचं ठरवलं आणि ऑक्टोबर 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं. हे नाव आपल्याकडेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. रॉबिन्सनला त्याने पाठवलं माँट्रियलला, म्हणजे कॅनडात.

पण त्याच्या यादीत आणखी दोन जण होते. रॉय कॅम्पनेला, 24 वर्षांचा कॅचर, वडील इटालियन वंशाचे, आई काळी, फिलाडेल्फियात वाढलेला, वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षापासून पैसे घेऊन खेळणारा. आणि डॉन न्यूकम, 19 वर्षांचा, सव्वासहा फुटांच्या वर उंच पिचर, म्हणजे आपला बॉलर, भयंकर वेगात टाकणारा. कॅम्पनेलाची गोष्ट तर मला फार लागली. रिकीने त्याला 1945 मध्येच भेटायला बोलावलं होतं, बराच वेळ बोलले, पण कॅम्पनेलाला वाटलं की हे आणखी एका काळ्यांच्या वेगळ्या टीमसाठी विचारतायत, म्हणून तो नाही म्हणून निघून आला. काही दिवसांनी हार्लेममधल्या एका हॉटेलात रॉबिन्सनबरोबर पत्ते खेळत बसला होता तेव्हा रॉबिन्सनने त्याला आपल्या कराराचं सांगितलं. आपण काय नाकारून आलोय ते त्याला तेव्हा कळलं. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

रिकीने परत बोलावलं, आणि आता प्रश्न आला की यांना पाठवायचं कुठे. दक्षिणेत शक्यच नव्हतं. आधी इलिनॉयमधल्या डॅनव्हिलच्या टीमला विचारलं. तिकडून उत्तर आलं की या दोघांना पाठवलं तर लीगच बंद करू. मग फोन गेला नॅशुआला.

नॅशुआच्या टीमचा जनरल मॅनेजर होता बझी बवेसी, 31 वर्षांचा, नुकताच इटलीतल्या युद्धावरून परतलेला. तो हो म्हणाला. मी हे वाक्य लिहिताना थांबले कारण एवढंच झालं, कुणी मोर्चा काढला नाही, ठराव केला नाही, एका माणसाने फोनवर हो म्हटलं, आणि विसाव्या शतकात अमेरिकेच्या भूमीवर या मुख्य प्रवाहातल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये काळे आणि गोरे खेळाडू एका टीममधून खेळले ती पहिली टीम नॅशुआची झाली. माँट्रियल कॅनडात, म्हणून इथली पहिली टीम ही.

पण बवेसी नुसता भला माणूस नव्हता, हुशारही होता, आणि मला हे जास्त आवडतं. गावाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम 33-34 हजार, बहुतेक सगळे गिरण्यांच्या जिवावर जगणारे, त्यात क्यूबेकहून आलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी, आणि काळी कुटुंबं हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. असं गाव कसं वागेल कुणाला ठाऊक. बवेसीने काय केलं, गावचा पेपर नॅशुआ टेलिग्राफ, त्याचे संपादक फ्रेड डोबेन्स यांना टीमचं अध्यक्ष केलं. म्हणजे ज्याच्या हातात गावाचं तोंड त्यालाच घरचं करून टाकलं. बातम्या नीट आल्या, खेळाडूंबद्दल आपल्या माणसासारखं छापून येत राहिलं, आणि लोक यायला लागले.

कॅम्पनेलाला महिन्याला 185 डॉलर मिळायचे. आधी काळ्यांच्या लीगमध्ये तो याच्या कितीतरी पट कमवत होता. म्हणजे वरच्या पायरीची आशा म्हणून त्याने पगार कमी करून घेतला, बायकोमुलांना घेऊन या अनोळखी थंड गावात आला. इकडे नवीन नोकरीवर आलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या महिन्यात दुकानात, बँकेत, बसस्टॉपवर आपल्याकडे लोक कसे बघतात याचा हिशेब डोक्यात आपोआप चालू असतो. माझा तर वर्षभर चालला होता. आणि मी आले ती ऑफिसच्या पत्रावर, या गावात आधीच आपले बरेच लोक असताना. ते दोघं आले तेव्हा त्यांच्यासारखं जवळजवळ कुणीच नव्हतं. न्यूकमने पुढे आयुष्यभर सांगितलं की नॅशुआच्या लोकांनी आम्हाला चांगलं वागवलं.

मैदानावर मात्र सगळं गोड नव्हतं. न्यू हॅम्पशायरमधल्याच मँचेस्टरच्या टीमच्या सॅल यव्हार्स नावाच्या खेळाडूने एकदा बॅटिंगला उभं राहून मूठभर माती कॅम्पनेलाच्या तोंडावर फेकली. कॅम्पनेलाने मास्क काढला आणि त्याला सांगितलं की परत असं केलंस तर बडवून काढीन. लिन गावच्या टीमकडून शिव्या तर नेहमीच्याच, एकदा हद्द झाली तेव्हा बवेसी सरळ त्यांच्या बसपाशी गेला आणि त्यांच्या मॅनेजरला मारामारीचं आव्हान दिलं. ऑफिसात बसून पत्रं लिहिणारा माणूस बाह्या सरसावून बसच्या दारात उभा आहे, हे मी किती वेळा डोळ्यासमोर आणलंय.

आता ती मॅच, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

जून 1946, लॉरेन्सच्या टीमविरुद्ध. नॅशुआचा मॅनेजर, म्हणजे मैदानावर टीम चालवणारा कोच, होता वॉल्टर ऑल्स्टन, ओहायोतल्या खेड्यातला शाळामास्तर, उन्हाळ्यात बेसबॉल आणि हिवाळ्यात शाळा. स्वतः फर्स्ट बेसवर खेळायचा पण. मेजर लीगमध्ये त्याला आयुष्यात एकदाच बॅटिंग मिळाली, 1936 मध्ये, आणि त्यात तो स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारता न येताच आउट, झाला. तर या ऑल्स्टनचं त्या दिवशी अंपायरशी वाजलं आणि अंपायरने त्याला मैदानाबाहेर काढलं. अशी वेळ आली तर टीम कुणी सांभाळायची हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं, कॅम्पनेलाने. बाकीची पोरं त्याच्याहून लहान, आणि सगळी त्याचं ऐकायची.

इथे एक सांगते. बेसबॉलमध्ये कॅचर म्हणजे आपला विकेटकीपर, पण थोडा वेगळा. मैदानावरचे त्याचे बाकी आठही सहकारी होम प्लेटकडे, म्हणजे बॅट्समनच्या जागेकडे, तोंड करून उभे असतात, एकटा कॅचर सगळ्या मैदानाकडे बघत गुडघ्यात बसलेला असतो. पिचरने काय टाकायचं ते तो बोटांच्या खुणांनी सांगतो, कोण कुठे उभा आहे ते त्याला दिसतं. म्हणजे तसं बघितलं तर कॅम्पनेला रोजच टीम चालवत होता, फक्त त्या दिवशी ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं.

नॅशुआ मागे होती. कॅम्पनेलाने काय करावं, दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी बॅटिंगला पाठवलं न्यूकमला. पिचरला! पिचर म्हणजे आपल्याकडचा अकरा नंबरचा बॅट्समन समजा. पण कॅम्पनेलाने त्याला सरावात मारताना रोज बघितलेलं होतं. न्यूकमने होम रन मारला, आपला सिक्सरच समजा, आणि ती मॅच नॅशुआने जिंकली. या मुख्य प्रवाहातल्या बेसबॉलमध्ये काळ्या माणसाने गोऱ्या खेळाडूंची टीम चालवल्याची ही पहिली वेळ, आणि ती मॅच जिंकलेली.

हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर पालवणकर बाळू आले, ते येणारच. जन्माने दलित, पुण्यातल्या क्लबात गोऱ्यांना नेटमध्ये बॉलिंग टाकणारे, हिंदू संघाचे सगळ्यात भारी बॉलर, आणि चहा मात्र मातीच्या वेगळ्या कपात, पॅव्हेलियनच्या बाहेर. संघाची कॅप्टनशिप त्यांना शेवटपर्यंत रीतसर मिळाली नाही, ती मिळाली धाकट्या भावाला, विठ्ठलना, 1923 मध्ये. टीमसाठी मर पण टीमला काय करायचं ते सांगू नकोस, ही अडवणूक मला दोन्हीकडे सारखी दिसते. आणि म्हणून लॉरेन्सची ती मॅच मला नुसत्या होम रनपेक्षा खूप मोठी वाटते, कारण त्या दिवशी गोऱ्या पोरांनी कॅम्पनेलाचं ऐकलं आणि पुढच्या बॉलला खेळायला लागले.

दुसरी एक गोष्ट, ती बाबांची लाडकी झाली. गावाजवळच्या एका पोल्ट्रीवाल्याने जाहीर केलं होतं की नॅशुआच्या कुणीही होम रन मारला की त्याला कोंबडीची 100 पिल्लं. कॅम्पनेलाने त्या सीझनला 13 होम रन मारले. म्हणजे हजाराच्या वर पिल्लं झाली! एवढी घेऊन तो भाड्याच्या खोलीत काय करणार, त्याने ती वडिलांकडे धाडली. वडील फिलाडेल्फियात भाजीपाला विकायचे, त्यांनी त्या पिल्लांवर कोंबड्यांचा धंदा सुरू केला. बाबा हे ऐकून एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "आणि बापाला काय वाटलं असेल गं, मुलगा बॉल मारतोय आणि घरी खोकी येतायत." खोक्यांना भोकं पाडलेली, आतून तो बारीक चिवचिवाट, हे बाबांनीच सांगितलं, आमच्या गावी कोकणात एसटीच्या टपावरून तशी खोकी यायची म्हणे.

त्या वर्षी कॅम्पनेला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. न्यूकम 14 मॅच जिंकला आणि 4 हरला, बेसबॉलमध्ये मॅचची हार-जीत पिचरच्या नावावर लिहितात. लीगच्या टेबलवर लिन पहिली आणि नॅशुआ दुसरी, पण शेवटच्या प्लेऑफमध्ये नॅशुआने करंडक घेतला. पुढच्या वर्षी कॅम्पनेला वर गेला, न्यूकमला मात्र अजून एक वर्ष इथेच ठेवलं, तो 19-6 खेळला, आणि नॅशुआने परत करंडक घेतला. 1948 ला डॅन बँकहेड आला, मेजर लीगमध्ये खेळलेला पहिला काळा पिचर, त्याने 20 मॅच जिंकल्या, आणि तिसऱ्यांदा करंडक.

आणि याच 1948 च्या सप्टेंबरमध्ये, आम्ही आज ज्या भिंतींच्या आत राहतो त्या गिरणीच्या मालक कंपनीने, टेक्स्ट्रॉनने, नॅशुआतल्या गिरण्या बंद करणार असं जाहीर केलं. हजारो लोकांचं काम. टेक्स्ट्रॉनच्या आधीची इथली मूळ गिरणी कंपनी 1823 मध्ये स्थापन झालेली, इथली ब्लँकेटं देशभर जायची. सिनेटच्या कमिटीने येऊन चौकशी केली, मालकाला प्रश्न विचारले, पण गिरण्यांचं व्हायचं ते झालंच. मी हे बाबांना वाचून दाखवत होते तेव्हा ते मधेच म्हणाले, "पुढचं नको वाचूस, मला माहितीये." मी तरी वाचलं, कारण पुढचं वेगळं होतं. गावातल्या लोकांनी मिळून रिकाम्या जागांमध्ये दुसरे उद्योग आणले, 1952 मध्ये इलेक्ट्रॉनिक्सची एक छोटी कंपनी, सँडर्स, जुन्या गिरणीत येऊन बसली आणि पुढे गावातली मोठी नोकरी देणारी झाली. आज आमच्यासारखे लोक या गावात कामाला येतात त्याची सुरुवात कुठेतरी तिथे आहे. बाबा बराच वेळ खिडकीतून नदीकडे बघत बसले.

टीम मात्र वाचली नाही. गिरण्या हे एकच कारण नव्हतं. बॉस्टनच्या मोठ्या टीमच्या मॅच रेडिओवर घरबसल्या ऐकायला मिळायच्या, टीव्ही येऊ घातला होता, आसपासच्या सगळ्या गावांत तिकीटविक्री पडत चालली होती. 1949 च्या सीझनमध्ये लीगमधल्या काही टीम अर्ध्यातच बंद झाल्या आणि त्याच वर्षी सगळी लीगच गुंडाळली. चार सीझन, तीन करंडक, संपलं.

पण आता हे बघा. 1955 मध्ये ब्रुकलिन डॉजर्स पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अंतिम विजेतेपद, जिंकले, आणि ब्रुकलिनमध्ये असताना तेवढी एकदाच. त्या टीमचा कॅचर कॅम्पनेला, त्याला त्या वर्षी तिसऱ्यांदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. पिचर न्यूकम, 20 जिंकले 5 हरले, आणि बॅटने 7 होम रन. मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन. जनरल मॅनेजर बझी बवेसी. चौघंही नॅशुआचे! नऊ वर्षांपूर्वी एका क्लास बी लीगच्या बसमधून फिरणारे हेच ते चौघं.

त्यानंतरचं सगळं सुखाचं नाही. जानेवारी 1958 मध्ये कॅम्पनेलाची गाडी बर्फावरून घसरून टेलिफोनच्या खांबावर आदळली, मान मोडली, तो आयुष्यभर व्हीलचेअरवर राहिला. डॉजर्स तोवर लॉस एंजेलिसला गेले होते, तिथे तो एकही मॅच खेळू शकला नाही. मे 1959 मध्ये त्याच्यासाठी तिथे खास मॅच ठेवली, 93,103 लोक आले, दिवे घालवले आणि सगळ्यांनी काड्या पेटवल्या. तो 1993 मध्ये गेला. न्यूकम दारूत पार बुडाला होता, त्यातून बाहेर आला आणि पुढची कित्येक वर्षं इतरांना बाहेर काढत राहिला. तो 2019 पर्यंत होता. म्हणजे मी या गावात आले तेव्हा तो जिवंत होता, आणि मी भिंतीवरचा 36 नुसता बघून पुढे जात होते, हे मला फार लागतं.

जूनमधल्या एका संध्याकाळी आम्ही तिघं होल्मनला गेलो. 1937 मध्ये बांधलेलं स्टेडियम, आजही तेच, लहानसं, पाइनच्या झाडांचा वास येतो. बाबांना बेसबॉलचे नियम मी सांगत होते आणि ते सगळं क्रिकेटमध्ये करून घेत होते. 39 कुणाचा, 36 कुणाचा, ते त्यांनी मला दोनदा विचारून पक्कं केलं. मग मॅचमधलं लक्ष काढून कॅचरकडेच बघत राहिले, जवळजवळ तीन तास. "गुडघे जात असतील गं याचे," एवढंच मधे म्हणाले.

मॅच संपल्यावर लहान मुलांना मैदानात सोडतात, सगळ्या बेसना हात लावून पळत एक चक्कर मारायला. लेक रांगेत उभी राहिली. मी फोन काढून व्हिडिओ घेत होते, फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि थर्डवरून ती होम प्लेटकडे वळली तेव्हा फोनच्या स्क्रीनमध्ये मला बाबा दिसले. होम प्लेटच्या मागे, जाळीच्या अलीकडे, अडुसष्ट वर्षांचा माणूस, दुखरा गुडघा वाकवून खाली बसलेला, दोन्ही हात पुढे केलेले, आणि तिला मोठ्याने ओरडून सांगत होते, "ये, ये, ये!"